सत्यशीलाबाईंची अर्धी वाटी

सत्यशीलाबाई गजभिये लेबल वाचल्याशिवाय काही विकत घेत नसत. ही सवय कारखान्याची. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं तपासणी विभागात काढली होती. पेटीवरचा शिक्का एक आणि आतला माल दुसरा असं दिसलं की बाई ती पेटी मागे ढकलायच्या, मग समोर साहेब उभा असो की साहेबाचा साहेब. पुढे त्या निवृत्त झाल्या, पण त्यांचे डोळे काही निवृत्त झाले नाहीत. बिस्किटाचा पुडा घेतला तरी चष्मा वर सारून आधी तारीख वाचायची, मग वजन, मग आत काय काय घातलंय ते. बाजारातला वाणी त्यांना लांबून येताना पाहिलं की जुना माल आतल्या फळीवर सारायचा आणि चेहरा होता होईल तेवढा गरीब करायचा.

त्यांची दुसरी ख्याती दारूबद्दल होती. दारूचा वास आला की बाई कुठल्या कुठे पोचत. कारखान्यातल्या कुणा टवाळाने म्हणून ठेवलं होतं, की बाईंना गोळा चालतो, दारू चालत नाही. हे कानावर आलं तेव्हा बाई म्हणाल्या, बरोबरच आहे.

यात हसण्यासारखं फारसं काही नव्हतं. बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. त्यांचा बाप मोहाच्या दारूत गेला. आधी कामावरून गेला, मग घरातून गेला आणि शेवटी जगातून गेला. आईने विड्या वळून लेकरं वाढवली. त्या लेकरांतली थोरली शिकली, पुण्याला आली, सरकारी नोकरीत चिकटली आणि तिने ठरवून टाकलं की आपल्या उंबऱ्याच्या आत हा पदार्थ येणार नाही. लग्नाआधी रामदास गजभियांना त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. रामदासराव गरीब माणूस, ते चहासुद्धा विचारून प्यायचे. दर रविवारी विहारात वंदना होई, तेव्हा पंचशील म्हणताना बाई सगळ्यांच्या पुढे बसत. पंचशील म्हणजे पाच गोष्टी न करण्याची प्रतिज्ञा, आणि त्यातली पाचवी नशेची. पहिल्या चार शीलांना बाईंचा आवाज बाकीच्यांसारखाच असे. पाचव्याला तो असा काही चढे, की मागच्या रांगेत पेंगणारी माणसं सावरून बसत.

शेजारी उत्तरेश्वर सुभेदार राहायचे. फौजेतून निवृत्त झालेले, त्यामुळे दर महिन्याला कॅन्टीनची रम त्यांच्या हक्काची. सुभेदारांनी सीमेवर काय पराक्रम केला ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण बाईंच्या दारावरून ती पिशवी नेताना ते जे डावपेच लढवत ते सगळी सोसायटी पाहत असे. वर मेथीची जुडी, खाली बाटली. बाई दारात उभ्या राहून विचारत, "सुभेदार, मेथी एवढी जड कशी हो?" सुभेदार म्हणत, "ओली आहे, ताई."

रामदासराव गेले आणि बाईंची भूकच मेली. ताट समोर यायचं आणि तसंच परत जायचं. बाजारातल्या वैद्यांनी जेवणानंतर घ्यायला द्राक्षासव दिलं, दोन चमचे औषध आणि दोन चमचे पाणी. बाईंना ते पाणी काही पटेना. चांगल्या मालात पाणी घालायचं म्हणजे भेसळ, आणि भेसळ त्यांनी जन्मात कधी पास केली नव्हती. चमचा तर त्यांना चिक्कूपणाच वाटला. दोन चमचे ही पुणेरी माणसाची मात्रा, भंडाऱ्याचं माणूस वाटीने घेतं, असा साधा हिशेब करून त्या रोज रात्री जेवणानंतर बिनपाण्याची अर्धी वाटी घेऊ लागल्या. औषधाची तपकिरी बाटली खिडकीत दिसली तर लोक भलतंच समजतील, म्हणून घरी आल्या आल्या ती स्टीलच्या बरणीत रिकामी व्हायची आणि बाटली कागदात गुंडाळून भंगारात जायची. आता कुणी विचारेल, लेबल वाचलं नाही का? तर वाचलं होतं की. तारीख वाचली होती. असली औषधं जितकी जुनी तितकी गुणकारी, असं वैद्यांनी सांगितलं, तेव्हा बाईंना फार समाधान वाटलं. पुढचं बारीक अक्षर त्यांनी वाचलं नाही. वैद्याचं औषध ते, बिस्किटाचा पुडा थोडाच होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

औषधाचा गुण आला. बाईंना भूक लागू लागली, गाढ झोप येऊ लागली. शिवाय जेवणानंतर तासभर त्या वेगळ्याच बाई असत. भांडी घासताना गुणगुणत, दूरदर्शनवरच्या बातम्या देणाऱ्या मुलीला 'बिचारी किती काम करते' म्हणत, आणि सुभेदार जिन्यात भेटले तर त्यांच्या गुडघ्याची चौकशीही करत.

घरातलं हे हवामान सगळ्यात आधी त्यांच्या मुलाने ओळखलं. अभिनव हिंजवडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटर इंजिनिअर होता आणि त्याच कंपनीतल्या पायलशी त्याला लग्न करायचं होतं. त्याने हा विषय एकदा सकाळी काढला. मुलगी नाशिकची, तिच्या मामाच्या बागेतली द्राक्षं वाईनच्या कारखान्यात जातात, एवढं ऐकून बाईंनी चहाचा कप असा आदळला की बशीला तडा गेला. महिनाभराने त्याने तेच सगळं जेवणानंतर सांगितलं. बाई म्हणाल्या, पोरगी चांगली असेल तर मामाच्या द्राक्षांशी आपल्याला काय करायचंय, घेऊन ये. तेव्हापासून अभिनव महत्त्वाची कामं जेवणानंतरच काढू लागला. वाघोलीच्या नव्या फ्लॅटचं कर्जही त्याने असंच मंजूर करून घेतलं, म्हणजे बँकेकडून नव्हे, आईकडून.

पायल आली आणि बाईंना आयुष्यात पहिल्यांदा जोडीची बाई भेटली. ती उद्धट नव्हती, सासूला 'अहो आई' म्हणायची, स्वयंपाकात हात आखडता घ्यायची नाही. पण रविवारी विहारात सासूशेजारी बसून ती चार शीलं म्हणायची आणि पाचव्याला तिचे ओठ मिटायचे. बाईंना वाटलं, पोरीला पाठ नसेल. त्यांनी घरी येऊन विचारलं. पायल म्हणाली, "आई, मी कधीतरी एखादा ग्लास घेते. जे पाळत नाही ते हात जोडून कसं म्हणू?"

मग पाळ, असं बाईंनी सुनावलं, पण त्यांच्या डोक्यातून ते गेलं नाही. खोटं बोलणारी माणसं त्यांनी आयुष्यभर तपासली होती, ती त्यांना लगेच कळत. तोंडावर खरं सांगणाऱ्या सुनेचं काय करायचं, हे तपासणी विभागात कुणी शिकवलं नव्हतं. दर रविवारी पाचव्या शीलाला सुनेचे मिटलेले ओठ दिसले की बाईंचा आवाज आणखी एक पट्टी वर जाई.

दिवस राहिले तशी पायलने तो कधीतरीचा ग्लासही सोडला. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरी व्हायचं, पण तिच्या आईच्या पाठीचं ऑपरेशन ठरलं आणि बाळंतपण खडकीत आलं. बाईंना आनंद झाला, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. नात झाली, मैत्री नाव ठेवलं. बाईंनी घराचं बाळंतघर करून टाकलं. शेगडीचा शेक, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर. वैद्यांनी बाळंतिणीला दशमूलारिष्ट सांगितलं, दोन चमचे पाण्यातून. बाईंनी मान डोलावली आणि घरी येऊन स्टीलची दुसरी बरणी काढली. अर्धी वाटी सकाळी, अर्धी संध्याकाळी, अर्थातच बिनपाण्याची. घशात जळजळ होते, अशी पायलने तक्रार केली. औषध जळजळलंच पाहिजे, बाईंनी समजावलं. नंतर झोप येते म्हणाली. बाळंतिणीला झोप हवीच. सव्वा महिना झाला तेव्हा पायलने विचारलं, अजून किती दिवस? चांगल्या गोष्टीला मुदत कशाला, असं म्हणून बाईंनी वाटी पुढे केली. अति तिथं माती, हे त्या दुसऱ्यांना रोज ऐकवत.

मैत्री चार महिन्यांची झाली आणि बाईंना धास्ती लागली. पायलची रजा संपत आली होती. नव्या फ्लॅटच्या खालीच एक पाळणाघर निघालं होतं. तिथे कॅमेरे लावले होते आणि कंपनीत बसून कॉम्प्युटरवर बाळ दिसायचं म्हणे. बाईंना वाटत होतं, बाळ आपल्याजवळ राहावं. दोघांनी वाघोलीला जायची घाई करू नये, गेलीच तर आपल्यालाही न्यावं. बाळ कॅमेऱ्यात कशाला बघायचं, मांडीवर असताना? पण हे मागायचं कसं? त्यांना मागायची सवय नव्हती, पास करायची किंवा नापास करायची होती. शेवटी त्यांनी एकदा विचारलंच. पायल म्हणाली, बघू. पुण्यात 'बघू'चा अर्थ काय होतो हे बाईंना चाळीस वर्षांत पक्कं कळलं होतं. त्यांची जेवणावरची वासना पुन्हा उडाली आणि द्राक्षासवाची वाटी किंचित वाढली.

त्यातच तो शनिवार आला. पायलच्या टीमचं मोठं काम संपलं होतं आणि कल्याणीनगरच्या एका हॉटेलात दुपारचं जेवण होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा पायल नीट साडी नेसून बाहेर पडली. तिने सगळी तयारी केली होती. दूध काढून बाटलीत भरलं, बाटली फ्रिजमध्ये ठेवली, वर चिठ्ठी चिकटवली: मैत्री, शनिवार सकाळ. ते कोमट करून कसं पाजायचं हे आईला सांगायचं काम अभिनवकडे होतं. अभिनवने ते सवयीने जेवणानंतर सांगायचं ठरवलं, रात्रीच्या जेवणानंतर.

दुपारी बाईंनी फ्रिज उघडला. बाटलीत दूध दिसलं. वर लेबल होतं, म्हणजे त्यांनी ते वाचलंच. शनिवार सकाळ. घड्याळात शनिवार दुपार झाली होती. माल मुदतीबाहेर गेला होता. शिळं दूध लेकराच्या वाऱ्याला नको, असं पुटपुटत बाईंनी बाटली मोरीत ओतली, उकळत्या पाण्याने धुतली आणि उपडी घातली. कामात कसूर नाही.

पायल परत आली तेव्हा मैत्री रडून लाल झाली होती. पायलने फ्रिज उघडला, मग उपडी बाटली पाहिली. तिला सगळं कळलं, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी बाळ तिच्याकडे दिलं आणि म्हणाल्या, घे पाज. पायल म्हणाली, थोडा वेळ थांबते, जेवताना अर्धा ग्लास वाईन घेतली आहे, पुरेसा वेळ जायला हवा. तिने हे नेहमीसारखंच, तोंडावर, सरळ सांगितलं.

बाईंनी बाळ तिच्या हातातून परत घेतलं. रागावल्या की त्यांच्या बोलण्यातून पुणं निघून जाई आणि भंडारा बाहेर येई. त्या म्हणाल्या, "काहून वं पायल, लेकराले दारू पाजतं काय?"

"नाही पाजत, म्हणूनच थांबलेय. आणि जे पाजायचं होतं ते तुम्ही मोरीत ओतलंत."

यानंतर त्या घरात जे बोललं गेलं ते सगळं सांगायचं कारण नाही. बाईंनी बाप काढला, म्हणजे स्वतःचा. पायलने मोरी काढली. अभिनव दोघींच्या मध्ये उभा राहून दोघींचंही बरोबर आहे म्हणाला, त्यामुळे दोघी त्याच्यावर उलटल्या. शेवटी बाईंनी फर्मान काढलं, की आत्ताच्या आत्ता बाळाच्या डॉक्टर लेल्यांकडे चला, ते काय ते सांगतील. बाळ रडत होतं हे कारण होतंच. पण खरं कारण असं, की सुनेला लेल्यांच्या तोंडून चार शब्द ऐकवावेत, अशी बाईंची फार इच्छा होती. रिक्षात पायलने फोन काढला आणि सासूला ऐकू जाईल अशा आवाजात पाळणाघराला कळवलं, की सोमवारी जागा बघायला येते. बाई बाहेर बघत बसल्या. त्यांच्या हातातली दुपट्याची घडी सारखी उलगडत होती.

डॉक्टर लेले लहान मुलांवर जेवढी माया करत तेवढीच मोठ्यांवर कमी. त्यांच्या दवाखान्यात पाटी होती: 'प्रश्न एकदाच विचारावा. उत्तर बदलत नाही.' बाईंनी आत जाऊन उभ्या उभ्याच आरोप वाचला. लेल्यांनी तो ऐकून घेतला, पायलला किती घेतली आणि कधी घेतली एवढंच विचारलं, बाळाचं वजन केलं, पोट तपासलं.

"बाळ ठणठणीत आहे. भूक लागली आहे, म्हणून रडतंय. पुरेसा वेळ गेलाय. पडद्यामागे जा आणि पाज," ते पायलला म्हणाले. मग बाईंकडे वळले. अंगावर पाजणाऱ्या बाईने दारू न घेणं सगळ्यात उत्तम, त्यांनी सांगितलं. रक्तात असेल तेवढी दुधात असते. एखाद्या वेळी थोडी घेतलीच, तर दोन-तीन तास जाऊ द्यावेत, रक्तातून उतरली की दुधातूनही उतरते. सुनेने तेच केलं. रोज घेऊ लागली तर मात्र माझ्याकडे आणा, मग मी बोलतो.

बाईंचा हिरमोड झाला, पण त्या 'रोज' या शब्दावर थोड्या सावरल्या. लेल्यांनी कागद ओढला आणि बाळंतिणीला सध्या काय काय चालू आहे ते विचारलं. हा बाईंचा प्रांत होता. खीर, लाडू, शेक असं सगळं त्यांनी अभिमानाने सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "शिवाय दशमूलारिष्ट. अर्धी वाटी सकाळी, अर्धी संध्याकाळी. बिनपाण्याचं, काही भेसळ नाही."

लेल्यांनी पेन खाली ठेवलं.

"आजी, सुनेचा अर्धा ग्लास चार महिन्यांत एकदा झाला. हा सकाळ-संध्याकाळचा बार कोण चालवतंय?"

बाईंना काही कळेना. लेल्यांनी मग जरा सौम्य होऊन सांगितलं, की आसव आणि अरिष्ट ही आंबवून केलेली औषधं. आंबवताना त्यांत अल्कोहोल आपोआप तयार होतं, ती टिकतात तीच मुळी त्यामुळे. दोन चमचे, पाण्यातून, थोडे दिवस, वैद्यांना विचारून घेतलं तर ते औषध. तुमच्या दोन अर्ध्या वाट्या धरल्या तर त्या पोरीला दिवसाला तिच्या त्या अर्ध्या ग्लासाच्या दुप्पट जात असेल. आजपासून बंद. बाळाचं वजन चांगलं आहे, घाबरायचं कारण नाही. आणि हे काही गुपित नाही, बाटलीवर छापलेलं असतं.

बाटलीवर छापलेलं असतं, हे वाक्य बाईंना जसं लागलं तसं त्या दिवशी दुसरं काही लागलं नाही. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि द्राक्षासव?"

"द्राक्षासवातही. ते कोण घेतं?"

अभिनव छताच्या पंख्याकडे टक लावून पाहत होता. पडद्यामागून दाबलेला आवाज आला, तो बाळाचा नव्हता.

परत येताना बाईंनी रिक्षा बाजारात थांबवली. वैद्यांच्या दुकानात जाऊन दोन्ही बाटल्या मागितल्या, चष्मा वर सारला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं. बारीक अक्षरात होतं, पण स्पष्ट होतं. वैद्य म्हणाले, ताई, मी दोन चमचेच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, हो. एवढं छोटं उत्तर त्यांनी त्या दुकानात आजवर दिलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी दोन्ही बरण्या मोरीत ओतल्या. शेजारच्या गॅलरीत सुभेदार उभे होते. वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा, कारण त्यांनी दोनदा श्वास घेतला आणि मग चौकशी केली. अभिनवने दोन वाक्यांत सांगितलं. सुभेदारांनी ते गंभीरपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण आम्ही निदान वाचून पितो." मात्र सुभेदार सज्जन माणूस. जिन्यात, गेटवर, कुठेही त्यांनी यातला शब्द काढला नाही. पुढे पिशवीत वरची मेथी तेवढी दिसेनाशी झाली.

त्या संध्याकाळी बाईंनी फारसं खाल्लं नाही. भांडी घासताना घरात फक्त नळाचा आवाज होता. आतल्या खोलीत पायल हळू आवाजात अभिनवला विचारत होती, म्हणजे आपल्या लग्नाला आईंनी जेवणानंतर हो म्हटलं होतं ना? आणि फ्लॅटलाही? अभिनव 'शू' म्हणाला, पण घर लहान होतं. बाईंना सगळं ऐकू गेलं. त्यांना बाप आठवला. तोही प्यायला की गुणगुणायचा, वाटेत भेटेल त्याच्या गुडघ्याची चौकशी करायचा. हे आठवून त्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते दाबलं नाही.

रविवारी सकाळी पायल बाळाला अंगडं घालत होती. बाई अंघोळ करून, चहासुद्धा न घेता तिच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पायल, हे सकाळी सांगते आहे, उपाशी पोटी. मागून कुणी काही म्हणायला नको. तू चांगली पोरगी आहेस. लग्नाला माझा होकार होता आणि आहे. दूध ओतलं ते चुकलं. वाटीचं तर..." आणि पुढचं त्यांना जमेना. पायल काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात त्या चप्पल घालायला वळल्या होत्या.

विहारात त्या नेहमीच्या जागी, पुढे बसल्या. शेजारी पायल, तिच्या मांडीवर मैत्री. वंदना सुरू झाली. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. पाचव्याला बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्याला ठाऊक नव्हतं, हे त्यांनी रात्रभर स्वतःला सांगून पाहिलं होतं. विहारातल्या भन्तेजींना विचारलं असतं तर तेही म्हणाले असते, की न कळता झालेल्याचा दोष नाही. पण वर शिक्का एक आणि आत माल दुसरा, अशी पेटी त्यांनी कधी पुढे सोडली नव्हती, आणि आज ती पेटी त्या स्वतः होत्या.

पुढचा आवाज थांबला तसा मागचाही थांबला. इतकी वर्षं पाचवं शील बाईंच्या मागोमाग म्हणायची सगळ्यांना सवय, आता कुणी सुरुवात करायची ते कुणालाच कळेना. मागच्या रांगेतल्या वेणूबाई मान उंच करून बघू लागल्या. पायलने सासूकडे पाहिलं. बाईंचे ओठ घट्ट मिटले होते आणि डोळे चष्म्याआड ओले होते.

हात जोडायचे तर ते मोकळे हवेत. पायलने मैत्रीला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं. मग हात जोडले आणि पाचवं शील एकटीने, स्पष्ट, सुरुवातीपासून म्हटलं. तिच्यामागून सगळं विहार म्हणू लागलं. बाई म्हणाल्या नाहीत. त्या नातीच्या डोक्याखाली हात नीट घालण्यात गुंतल्या होत्या.

बाहेर पायऱ्यांवर वेणूबाईंनी काळजीने विचारलं, घसा बसला का, काही काढा वगैरे पाठवू का. काढा नको, असं दोघी एकदमच म्हणाल्या.

थोडं पुढे गेल्यावर बाईंनी विचारलं, की आज म्हटलंस ते कसं. पायल म्हणाली, हिचं अंगावरचं दूध सुटेपर्यंत पाळणार आहे, म्हणून म्हटलं. तेवढं मला खरं म्हणता येतं. पुढचं पुढे. बाईंनी मान हलवली. यात त्यांना काही खोट काढता येईना.

"आणि सोमवारी पाळणाघरात जात नाही," पायल म्हणाली. "मैत्री तुमच्याजवळ राहील. पण आई, एक अट आहे. तिच्या तोंडात जे काही घालाल, त्याचं लेबल आधी मला दाखवायचं. शेवटच्या अक्षरापर्यंत."

बाईंनी रस्त्यातच उभं राहून नातीचं टोपडं सारखं केलं.

"दाखवीन," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातचा माल आजवर कुणी तपासला नव्हता, आणि आता तपासणार ती पोरगी त्यांनी स्वतःच, जेवणानंतर का होईना, पास केलेली होती.